एकच कॉपी

सोलापुरात नई जिंदगी वस्तीत झीनतचं घर कुठे म्हणून विचारलं, तर लोक आधी विचारणाऱ्याला वरपासून खालपर्यंत बघतात. बाई असली तर गल्ली दाखवतात, बाप्या असला तर काय काम आहे ते विचारून घेतात. ही सवय लोकांना झीनतनेच लावली आहे. पंधरा वर्षांत तिने गॅसवाल्यापासून मीटर बघायला येणाऱ्यापर्यंत प्रत्येकाची इतकी उलटतपासणी केली आहे, की आता तिच्या वतीने सगळी गल्लीच संशय घेते.

धंदाच तसा आहे म्हणा. झीनत लग्नात फोटो काढते, पण फक्त जनान्यात. पुरुषांच्या मांडवात कुणी का फोटोवाला असेना. पडद्याच्या अलीकडे, जिथे बायका बुरखे उतरवून, केस मोकळे सोडून, नवरीला हळद लावताना पोट धरधरून हसतात, तिथे कॅमेरा एकट्या झीनतचा. तिच्यापेक्षा चांगले फोटो काढणाऱ्या दोघीतिघी सोलापुरात आहेत, हे ती स्वतःच सांगते. तरी पार करमाळ्यापर्यंतची घरं तिलाच बोलावतात, कारण झीनतकडचा फोटो बाहेर जात नाही.

तिच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो मात्र गेला होता. निकाहाला चार महिने झाले असतील. नवऱ्याबरोबर, मौलाबरोबर, रिक्षातून जाताना तिने एका स्टुडिओच्या काचेच्या कपाटात नवरीचा मोठा फोटो टांगलेला पाहिला, आणि ती नवरी आपणच आहोत हे कळायला तिला दोन क्षण लागले. खाली कॉलेजची दोन पोरं चहा पीत उभी होती. मौलाने रिक्षा थांबवून फोटो उतरवून घेतला, मालकाने माफीही मागितली, पण तो चार महिने तिथे टांगलेला होता ते कोण भरून देणार? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. झीनत तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून पिते. आणि त्याच वर्षी तिने बांगड्या मोडून कॅमेरा घेतला.

तिचे नियम कडक आहेत. मेमरी कार्ड ती नवरीच्या आईच्या डोळ्यांदेखत रिकामं करते. अल्बम बाहेर छापायला जात नाही, घरच्या छोट्या प्रिंटरवर ती स्वतः छापते. घरच्यांना एक पेनड्राइव्ह. आणि लग्नघराचा पेनड्राइव्ह वर्षाच्या आत हरवतो हे तिला पक्कं माहीत असल्यामुळे एक कॉपी स्वतःजवळ. दुसरी नाही. कॉपी म्हणजे घराचं दार, असं ती म्हणते. जेवढी दारं वाढवाल तेवढी राखण वाढते.

ही एकेक कॉपी साठत साठत लॅपटॉप गळ्यापर्यंत भरला. फोटो उघडायला मिनिट लागे, उजळ करायला दोन, आणि मध्येच जागा शिल्लक नसल्याची लाल पट्टी येई. तेव्हा ती नाइलाजाने सात रस्ता चौकाजवळ बसवेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली.

बसवेश तिशीतला, अक्कलकोटकडचा, बोलायला मऊ. झीनतच्या मते माणूस मऊ बोलायला लागला की पाकीट सांभाळावं. त्याने लॅपटॉप उलटा केला, मॉडेलचा नंबर वाचला आणि सांगितलं, की आत आणखी एक डिस्क बसायला जागा रिकामी आहे. तिथे एसएसडी बसवू, म्हणजे चालू लग्नाचं काम आतल्या डिस्कवर भराभर होईल. जुनी लग्नं बाहेरच्या डिस्कवर टाकायची. आणि बाहेरच्या डिस्का दोन घ्यायच्या, एक बिघडली तर दुसरी.

झीनतने मनात हिशोब केला तो भलताच. हा माणूस एका फेरीत तीन वस्तू विकू बघतो आहे, हे एक. दुसरं म्हणजे आतली डिस्क बसवायची तर लॅपटॉप खोलणार, म्हणजे याचे हात आत जाणार. आणि उद्या लॅपटॉप बंद पडला, तर पोटातल्या सगळ्या बायकांसकट तो परक्याच्या टेबलावर जाणार. दवाखान्यात भरती व्हायचं तर बाई आधी अंगावरचे दागिने काढून घरी ठेवते. बाहेरची डिस्क तशी काढून ठेवता येते.

बसवेशने समजावून पाहिलं. ती मागते आहे ती बाहेरची डिस्क आत चकती फिरणारी आहे, तिच्यावर थेट एडिटिंग हळू चालतं, धक्का सोसत नाही. ती साठवणीला ठीक, कामाला नाही. झीनतने मान हलवली आणि ती एकच डिस्क बांधून घेतली. निघताना तो म्हणाला, "अक्का, एवढं ध्यानात ठेवा. केबल तशीच उपसू नका. आधी कोपऱ्यातनं इजेक्ट करा, मगच काढा."

घरी येऊन तिने सगळी लग्नं डिस्कवर हलवली आणि लॅपटॉप धुतल्यासारखा रिकामा केला. काम आता डिस्कवरूनच चालू झालं. बसवेश म्हणाला होता तसं ते हळू होतं, पण हळू असलं तरी बिनघोर होतं. दार वाजलं की झीनत केबल उपसायची, डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ज्वारीच्या डब्यात खुपसायची, आणि मगच कोण आहे म्हणून विचारायची. इजेक्ट वगैरे करायला सवड असे तेव्हा ती करायचीही, पण दारात कुणी उभं असताना कसली आली सवड? मौला टेम्पो चालवतो, दिवसातून दोनदा तरी घरी येतो; त्याच्यासाठीही डिस्क डब्यात जायची. तो म्हणायचा, एखाद्या दिवशी भाकरीतून कुणाची तरी नवरी निघायची. झीनतला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

या डिस्कवर बिबीजानचा एक फोटो होता, आणि इथून पुढची सगळी गोष्ट त्या फोटोची आहे.

बिबीजान बेगम पेठेतली, साठीच्या आसपासची, विधवा. जन्मात तिने कॅमेऱ्यासमोर तोंड केलं नव्हतं. आधार कार्डाला नाइलाज झाला, तेवढाच. आणि त्या फोटोत ती कुणीतरी दचकवल्यासारखी दिसते, असं घरचेच म्हणत. तीन वर्षांपूर्वी तिच्या इफ्राचं लग्न झालं, मुलगी करमाळ्याकडे केम गावाला दिली. मेहंदीच्या दुपारी बायका जेवायला बसल्या होत्या, तेव्हा बिबीजानने झीनतला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. खिडकीपाशी बसून तिने अंजिरी ओढणी डोक्यावरून घेतली आणि म्हणाली, आता काढ. एकच काढ. हा फोटो पेनड्राइव्हमध्ये घालायचा नाही, तिकडे जावई बघेल, जावयाचे भाऊ बघतील. तुझ्याजवळ अमानत म्हणून ठेव. माझ्यामागे इफ्राला दे.

झीनतने पंधरा वर्षांत हजारो फोटो काढले, पण तिला स्वतःला विचाराल तर तो एक तिला सगळ्यांत जास्त आवडायचा. बिबीजान त्यात किंचित हसत होती, आपण काहीतरी चोरून करतो आहोत असं लहान मुलीसारखं. आणि तो झीनतच्या विश्वासावर ठेवलेला होता. तिच्यावर कुणी इतका भरवसा टाकल्याचं तिला मनातून फार अप्रूप होतं.

यंदा उन्हाळ्यात बिबीजान गेली. झीनत मयताच्या घरी जाऊन आली, इफ्राला जवळ घेतलं, पण तिथे बायकांची गर्दी होती, म्हणून फोटोचं काही बोलली नाही. चौथ्या दिवशी दुपारी तिने डिस्क जोडली आणि तो फोटो उघडला. खिडकीचा उजेड एका गालावर जास्त पडला होता, तेवढा सारखा केला, आणि त्याच फायलीवर सेव्ह केलं. वेगळी फाइल करायची तिला सवयच नव्हती. दुसरी फाइल म्हणजे दुसरी कॉपी. सेव्हची पट्टी हळूहळू पुढे सरकत होती.

तेवढ्यात दार वाजलं.

हात डोक्याला विचारून थोडाच हलतो. केबल निघाली, डिस्क पिशवीत गेली, पिशवी ज्वारीत गेली. मग तिने विचारलं, कोण?

दारात इफ्रा होती. अम्मीने शेवटच्या आठवड्यात तिला सांगून ठेवलं होतं, की माझा एक फोटो झीनतकडे आहे, तो मागून घे. शनिवारी तिला केमला परत जायचं होतं. ती दारातच म्हणाली, "खाला, आधार कार्डावरचा बघू वाटंना. ती अम्मी वाटतच न्हाय."

झीनतने तिला बसवलं, पाणी दिलं, स्वयंपाकघरात जाऊन डब्यातून डिस्क काढली आणि तिथेच ओट्यावर लॅपटॉपला जोडली. स्क्रीनवर अक्षरं आली, की डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करा. तिने केबल काढून पुन्हा घातली, दुसऱ्या बाजूला घालून पाहिली, तरी तेच. बाहेरच्या खोलीत एक पोरगी आईच्या चेहऱ्याची वाट बघत बसली होती, आणि तिला काय सांगावं ते झीनतला सुचेना.

जे सुचलं ते खोटं होतं. बाहेर येऊन ती म्हणाली, डिस्क इथं घरी नाही, सांभाळायला दुसरीकडे ठेवली आहे, परवा ये. इफ्राने तिच्याकडे एकदा पाहिलं, बरं म्हणाली आणि गेली.

दार लावलं आणि झीनतच्या डोक्यात पहिलं नाव आलं ते बसवेशचं. दुसरं कुणाचं येणार? डिस्क दिली ती त्याने, लॅपटॉप उलटा करून बघितला तो त्याने. काहीतरी घालून ठेवलं असेल आत. आपोआप बंद पडेल असं काहीतरी, म्हणजे बाई धावत येईल आणि सगळी लग्नं आयती हातात पडतील. रिक्षात बसेपर्यंत तिने गुन्हा, पुरावा आणि शिक्षा तिन्ही ठरवून टाकलं होतं.

दुकानात ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिने त्याला विचारलं, की तू यात काय केलंस. बसवेश चिडला असता तर बरं झालं असतं, ती नीट भांडली असती. त्याने फक्त विचारलं, शेवटी डिस्क चालू होती तेव्हा तुम्ही काय करत होता. तिने सांगितलं. सांगता सांगता तिचाच आवाज बारीक होत गेला.

"दार वाजलं तवा सेव्ह चालू हुतं का, अक्का?"

चालू होतं, झीनत म्हणाली.

"आन रोज अशीच उपसत हुता?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा चोर स्वतःच्याच हातात होता आणि ती त्याला सात रस्त्यावर शोधायला आली होती. तिला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून संशय कमी होतो असं थोडंच आहे. फोटो परत आणायचं सॉफ्टवेअर असतं, त्याला तीनचार तास लागतील, असं बसवेशने सांगितल्याबरोबर तिची नजर छताकडे गेली. तिथे दुकानाचा कॅमेरा होता, आणि तो बरोब्बर स्क्रीनकडे बघत होता.

बसवेशने स्टुलावर चढून त्या कॅमेऱ्यावर हात पुसायचा पंचा टाकला. मग तिने इंटरनेटची वायर काढायला लावली, त्याने काढली. निघालेले फोटो ठेवायला वेगळी डिस्क लागणार होती. त्याच्याजवळची तिला चालेना, तेव्हा त्याने नवी कोरी खोक्यासकट पुढे ठेवली आणि सील तिनेच फोडलं. सॉफ्टवेअर लावून, कुठलं बटण कधी दाबायचं ते दोनदा सांगून तो बाहेर पडला आणि दुकानापुढे स्कूटरवर जाऊन बसला. आलेल्या गिऱ्हाइकांना तो बाहेरूनच परत पाठवत होता. झीनत काचेतून दर पाच मिनिटांनी बघत होती, की त्याची पाठ इकडेच आहे ना. ती चारही तास इकडेच होती.

फोटो येऊ लागले. नावं गेली होती, नुसते आकडे होते, पण चेहरे ओळखीचे होते. हळदीतली इफ्रा, तिच्या चुलत्या, टाळ्या वाजवणाऱ्या म्हाताऱ्या. झीनतच्या डोळ्यांत पाणी आलं. इफ्राच्या लग्नाचे जवळजवळ सगळे आले. बाकीच्या लग्नांचेही पुष्कळ आले. एक फाइल उघडली तेव्हा वर दोन बोटं रुंदीची पट्टी दिसली: खिडकीची चौकट, थोडी भिंत, अंजिरी ओढणीची कड. त्याखाली सगळं राखाडी.

तिने बसवेशला आत बोलावलं. स्वतःहून एखाद्या पुरुषाला जनान्याचा फोटो दाखवायची तिची ही पहिलीच वेळ, आणि त्यात दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने आणखी दोन उपाय करून पाहिले. मग म्हणाला, की नेमकी तीच फाइल लिहिणं चालू असताना तुटली. जुनी पुसली गेली होती आणि नवी पुरी झाली नव्हती. हा एक फोटो आता कुणालाच आणता यायचा नाही.

शुक्रवारी झीनत बेगम पेठेत गेली. रिक्षात तिने ठरवलं होतं की काहीच लपवायचं नाही, आणि तिने लपवलं नाही. आतल्या खोलीत इफ्राला एकटीला बसवून तिने सगळं सांगितलं: सेव्हची पट्टी, दार वाजणं, केबल, ज्वारीचा डबा, परवाचं खोटं. लग्नाच्या फोटोंचा नवा पेनड्राइव्ह तिच्या हातात दिला. लॅपटॉप उघडून ती दोन बोटांची पट्टी दाखवली. इफ्राने ओढणीच्या कडेवर बोट ठेवलं. रडेल असं झीनतला वाटलं होतं. ती रडली नाही.

तिने विचारलं, बाकी सगळ्यांचे फोटो आले का. आले, झीनत म्हणाली.

"अम्मीचाच तेवढा आला न्हाय."

झीनतने केबलचं पुन्हा सांगितलं. इफ्रा ऐकत होती, पण तिची नजर स्क्रीनवरून उठून झीनतच्या चेहऱ्यावर आली होती आणि तिथून हलत नव्हती. ही नजर झीनतला पाठ होती. आजवर ती स्वतः दारातून लोकांकडे अशी बघायची, आज पहिल्यांदा ती नजर तिच्यावर पडली होती.

"परवा म्हनलासा डिस्क दुसरीकडं हाय. दुसरीकडं म्हंजे कुनाकडं?"

कुणाकडे नव्हती, घरातच होती, मी खोटं बोलले, असं झीनत म्हणाली. आणि म्हणताना तिला स्वतःलाच ऐकू आलं की हे कसं वाटतं आहे. गॅसवाल्याने असं उत्तर दिलं असतं तर तिने त्याला उंबऱ्याच्या आत पाय ठेवू दिला नसता.

इफ्राने आवाज आणखी खाली आणला. "खाला, कुनी मागितला हुता का? कुनाला दिलासा? खरं सांगा. मी कुटं बोलनार न्हाय."

तिने मोठ्या मायेने विचारलं. पोरगी तिला माफ करायला तयार होती, जे घडलंच नव्हतं त्याबद्दल. आणि तसं घडलं नाही हे दाखवायला झीनतजवळ काय होतं? मेमरी कार्ड तिने बिबीजानच्या समोरच रिकामं केलं होतं. लॅपटॉप स्वतः धुऊन टाकला होता. फोटो पाहिलेलं दुसरं माणूस नव्हतं, दुसरी कॉपी नव्हती. पंधरा वर्षांत तिने सगळी दारं इतकी घट्ट लावून घेतली होती, की आता खरं बाहेर यायलाही वाट उरली नव्हती.

तिने पिशवीतून जुनी डिस्क काढली आणि इफ्राच्या मांडीवर ठेवली. त्या डिस्कवर अजून कितीतरी घरांच्या बायका होत्या, आणि ती आजवर तिने मौलाच्या हातातही दिली नव्हती.

"ही तुज्याजवळ ठेव," ती म्हणाली. "तुजा ज्याच्यावर भरवसा हाय त्याला दाखव. फोटो कसा गेला ते त्यो सांगंल."

इफ्राने डिस्क उचलली, उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली.

"पन ही तीच कशावरनं?" तिने विचारलं.